लहान बेडरूममध्ये टीव्हीचे संवाद कळत नाहीत, ३,५०० रुपयांत काय करता येईल?

मानेवाडा_रोड (प्रश्न)

नमस्कार. बेडरूम १० × ११ फूट, छतही १० फुटांवर. खाली टाइल्स, भिंती उघड्या, एका बाजूला लोखंडी आलमारी, खिडकीत कूलर. ३२ इंची टीव्ही भिंतीवर टांगला आहे. पलंगावर टेकून बसलं की कानापासून तो साधारण ९ फूट पडतो. त्याचे स्पीकर खालच्या कडेला आहेत. एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेनेच बाहेर देणारं पोर्ट), ऑप्टिकल (प्रकाशाच्या तारेचं डिजिटल पोर्ट) आणि हेडफोन जॅक, तिन्ही आहेत. डिशचा बॉक्स आणि फायर स्टिक लावली आहे.

बोलणं समजून नाही राहिलं, ही खरी अडचण. आवाज वाढवला की गाणी आणि मारामारी शेजारच्या खोलीत पोचते, संवाद मात्र दबलेलेच. कूलर सुरू झाला की बातम्याही कळत नाहीत. ब्लूटूथ स्पीकर जोडून पाहिला, तर ओठ आणि आवाज जुळत नाही. इथे नागपुरात बर्डीवर दुकानात सबवूफरवाला (खालचा, खोल आवाज वाजवणारा वेगळा स्पीकर असलेला) साउंडबार सुचवतात. घर भाड्याचं आहे, भिंतीला भोक पाडता येत नाही. आणि आईला सगळं एकाच रिमोटवर चालायला हवं, ही अट पक्की. जाणकारांनी सांगावं.

तारजोड

भाऊ, दुकानात जायच्या आधी अर्धा तास रिमोट घेऊन बसा. यातलं बरंच काही फुकटात सुधारतं.

आधी डिशच्या बॉक्सच्या सेटिंगमध्ये ऑडिओ ‘डॉल्बी’ असेल तर ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा. स्टिकवर सिनेमा बघताना ५.१ (सहा स्पीकरसाठीचा सराउंड आवाज) ऐवजी साधा स्टिरिओ ट्रॅक मिळत असेल तर तो निवडा. ५.१ मध्ये संवाद बहुतांशी मधल्या वेगळ्या चॅनलवर असतात. टीव्ही ते सगळं दोन स्पीकरमध्ये कोंबतो तेव्हा बोलणं मागे पडतं आणि स्फोट पुढे येतात.

मग टीव्हीवर सराउंड किंवा ‘व्हर्च्युअल’ नावाचं जे काही असेल ते बंद करा. ‘क्लिअर व्हॉइस’ असेल तर चालू करा. ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ही चालू ठेवा, म्हणजे जाहिरात लागल्यावर दचकायला होणार नाही. भिंतीवर की स्टँडवर असं विचारणारं सेटिंग असेल तर तिथे ‘भिंत’ हवं. पुष्कळ टीव्ही कारखान्यातून ‘स्टँड’वर सेट होऊन येतात आणि भिंतीवर टांगले की त्यांचा खालचा सूर फुगतो.

इक्वलायझर (वेगवेगळे सूर कमी-जास्त करायचं सेटिंग) पाच पट्ट्यांचा असेल तर १०० हर्ट्झ ५ ने कमी, ३०० हर्ट्झ ३ ने कमी, १ किलोहर्ट्झ जसं आहे तसं, ३ किलोहर्ट्झ ३ ने जास्त, १० किलोहर्ट्झ शून्यावर. स, श, च, ट ही व्यंजनं २ किलोहर्ट्झच्या वर राहतात आणि शब्द ओळखायला तीच लागतात. टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असले की हीच वारंवारता आधी गळते, कारण ती सरळ रेषेत जाते, कोपऱ्यावरून फारशी वळत नाही. म्हणून ३ किलोहर्ट्झ वाढवायचं. पण ५ च्या वर नेऊ नका, ‘स’ कानाला टोचायला लागतो.

ब्लूटूथचं कोडं सोपं आहे. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. टीव्हीतलं ‘ऑडिओ डिले’ आवाजाला आणखी मागे ढकलू शकतं, पुढे आणू शकत नाही. तेव्हा टीव्हीसाठी तार लावा.

ऐकणारा

तारजोड यांचं सगळं करून पाहा, पण ९ फुटांवर कूलरसमोर त्याने पूर्ण भागणार नाही. या खोलीला वॅट कमी पडत नाहीत, आवाज दुरून आणि आडून येतो ही अडचण आहे. कानापासून स्पीकरचं अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि कूलरचा आहे तेवढाच राहतो. शिवाय शेजारच्या खोलीत जाणारा आवाजही कमी होतो, कारण एकूण आवाज कमी ठेवून भागतं.

सबवूफर मुळीच घेऊ नका. तुमची रुंदी १० फूट आणि उंचीही १० फूट, त्यामुळे दोन्हीकडून सुमारे ५६ हर्ट्झलाच खोली घुमते. ११ फुटांची लांबी ५१ च्या आसपास घुमते, म्हणजे तीही तिथेच. वूफर नेमकं हेच वाजवतो आणि त्या घुमण्याखाली बोलणं बुडतं.

घ्यायचे ते दोन सुटे, २२० व्होल्टवर चालणारे २.० स्पीकर (म्हणजे सबवूफर नसलेली जोडी), प्रत्येकी १० वॅट आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) पुरे. साधारण २,००० ते ३,००० मध्ये येतात. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराची फुगवलेली ताकद) लिहिलेलं असेल तर तो आकडा वाचूच नका. ७०० ते १,२०० चे यूएसबीवाले स्पीकरही बातम्यांना चालतात. फक्त ते टीव्हीच्या यूएसबीवर लावू नका. तिथून बहुतेक वेळा अर्धा अँपिअरच मिळतो आणि आवाज वाढवला की फाटतो. ५ व्होल्ट २ अँपिअरचा वेगळा चार्जर द्या.

जागा: पलंगाच्या पायथ्यापासून थोडं अलीकडे, दोन्ही बाजूंना एकेक स्टूल. कानापासून साडेचार फुटांच्या आत आणि तोंड सरळ कानाकडे. स्टूल बुटका असेल तर स्पीकरच्या पुढच्या कडेखाली दाराला लावायचं रबर ठेवून तो वर कलवा. आलमारीवर ठेवू नका, पत्रा थरथरतो. टीव्हीपासून ५ मीटरची ३.५ मिमी शिल्डेड केबल भिंतीच्या कडेने पट्टीखालून आणा.

लाकडी_डबा

सुट्या स्पीकरशी सहमत. पण स्टूल ठेवायला जागाच नसेल तर साउंडबार वाईट नाही. अट एवढीच की एआरसी हवं, सबवूफर नको आणि तो टीव्हीखाली टेबलाच्या अगदी पुढच्या कडेवर ठेवायचा. मागे सरकवला की टेबलाचा पृष्ठभाग आवाज परतवतो आणि बोलणं घोगरं होतं. ३,५०० मध्ये एआरसीवाला नवा बार मिळणं मात्र कठीण, बहुतेकांत फक्त ब्लूटूथ आणि ऑक्स (बाहेरून आवाजाची साधी तार लावायची जागा) असतं. घेण्याआधी मागचं पोर्ट डोळ्याने बघून घ्या.

घरात किंवा नातेवाइकांकडे जुना डेक पडलेला असेल आणि त्याला ऑक्स इनपुट असेल तर खर्च फक्त तारेचा. स्पीकरच्या कडेचा फोम बोटाने हळूच दाबून पाहा. चुरा पडला तर तो गेला. रबरी कडा असेल तर निर्धास्त वापरा.

खोली घुमते त्याचंही बघा. टाळी वाजवा, मागे टिंग असा पत्र्यासारखा आवाज आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती जबाबदार. पलंगामागच्या भिंतीवर पडद्याच्या दांडीवरून जाड गोधडी टांगा. दांडीसाठी भिंतीला भोक पाडायचं नसेल तर पलंगाच्या डोक्याशी दोन लोड उभे करा. खाली सतरंजी टाकली तरी फरक कळतो. थर्माकोलचा मात्र काही उपयोग नाही.

सर्किटवाला

कूलरचं कुणी बोललं नाही आणि नागपुरात एप्रिल ते जून तोच खरा गोंधळ घालतो. पंख्याच्या हवेचा आवाज राहणारच, पण त्यातली अर्धी खडखड पत्र्याची असते. स्टँडच्या चारही पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दुमडून ठेवा. कूलरचा पत्रा खिडकीच्या चौकटीला टेकत असेल तिथे रबरी पट्टी द्या. जाळीचे आणि पानांचे स्क्रू आवळा. पंप घुरघुरत असेल तर बहुधा पाणी कमी झालं असतं किंवा जाळीत वाळ्याची काडी अडकलेली असते. दुसरी खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. हवा बाहेर गेली नाही तर दमटपणा वाढतो आणि खोली गार वाटायला पंखा विनाकारण जोरात चालवावा लागतो. टीव्ही बघताना त्याला मधल्या वेगावर ठेवा.

स्पीकर कूलरच्या झोतात ठेवू नका. कागदी कोन दमट होऊन सैलावतो आणि मागच्या जोडण्यांना गंज चढतो. कूलर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर नकोत, पंप चालू-बंद होताना ‘टक्’ ऐकू येतो.

सतत ‘हूं’ ऐकू आलं तर डिशची केबल बॉक्समधून काढून पाहा. गुणगुण थांबली तर जमिनीची वाट दोनदा जुळली आहे, एकदा बोर्डाच्या अर्थिंगमधून आणि एकदा डिशच्या केबलमधून. ३.५ मिमी तारेत लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर २०० ते ३०० ला येतो, तो लावा. प्लगची मोठी पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पाण्याचा कूलर असलेल्या खोलीत अर्थिंगशी खेळ जिवावर येतो.

मानेवाडा_रोड

सगळ्यांचे आभार. सेटिंग केलं, बातम्या बऱ्याच सुधारल्या. स्टूल ठेवायला जागा आहे, म्हणून सुटे स्पीकर घेतो. एकच विचारायचं राहिलं: ऑप्टिकलचा आवाज चांगला असतो म्हणतात, तर कन्व्हर्टर (ऑप्टिकलचा आवाज साध्या तारेत आणणारी डबी) घेऊन ते लावू की साधा हेडफोन जॅक?

ऐकणारा

आईच्या रिमोटसाठी जॅक. ऑप्टिकलमधून आवाज सहसा ठरावीक पातळीवरच बाहेर पडतो, टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त होत नाही. जॅकवर होतो. शिवाय ४००–५०० चे कन्व्हर्टर फक्त पीसीएम समजतात. टीव्ही ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर (डॉल्बी न उलगडता तसाच पुढे पाठवणं) राहिला तर सिनेमा लावताच आवाज गप्प होतो, नाहीतर खरखर येते, आणि लोक कन्व्हर्टर खराब म्हणून परत करतात.

जोडताना टीव्हीचा आवाज ७० वर न्या, स्पीकरची आवाजाची खुंटी खाली ठेवून हळूहळू वाढवा. तुमच्या घरात सर्वात मोठा जेवढा आवाज लागतो तिथे ती थांबवा आणि बाजूला खडूने खूण करा. मग रोजचं काम टीव्हीच्या रिमोटवर. उलट केलं, म्हणजे टीव्ही कमी आणि खुंटी पूर्ण वर, तर सतत ‘सूऽ’ ऐकू येईल. जॅक लावल्यावरही टीव्हीचे स्पीकर वाजत राहिले तर ऑडिओ आउटपुटमध्ये ‘हेडफोन’ निवडा. काही टीव्हींमध्ये दोन्ही एकत्र वाजवायचा पर्याय असतो, तो बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक शब्द दोन दिशांनी येईल.