मदत हवी आहे: जपानच्या प्लॅनमध्ये कानाझावा ठेवू की उडवू?

नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही दोघंच जपानला चाललोय, बारा-तेरा दिवस हातात आहेत. टोकियोत उतरायचं आणि ओसाकाहून परत, म्हणजे उलटा प्रवास वाचतो. मध्ये हाकोने, कानाझावा, क्योटो आणि क्योटोहून हिरोशिमा-मियाजिमा. नवरोबांना सगळंच बघायचंय, मला मात्र रोज बॅगा भरायचा जाम कंटाळा येतो, सुट्टी आहे की बदलीची नोकरी!

अडलंय ते कानाझावापाशी. २०२४ पासून शिंकानसेन (बुलेट ट्रेन) कानाझावाच्या पुढे त्सुरुगापर्यंत गेली, पण क्योटोला जायला तिथे गाडी बदलावीच लागते. केनरोकुएन बाग बघायची फार इच्छा आहे, पण त्यासाठी क्योटोची एक रात्र कमी करावी का? क्योटोत तेव्हा पानं लाल झालेली असतात आणि गर्दीही तुफान असते म्हणे.

जेआर पास (पर्यटकांसाठीचा रेल्वे पास) घेत नाहीये, सात दिवसांचा २०२३ मध्ये थेट ५०,००० येन झाला, सुटी तिकिटंच परवडतायत. मोठ्या बॅगा टोकियोहून परस्पर क्योटोच्या हॉटेलवर कुरिअरने पाठवल्यात का कुणी?

आणि हो, मी शाकाहारी. साध्या सुपातसुद्धा माशाचा दाशी (अर्क) असतो, तर हाकोनेच्या र्‍योकानमध्ये (पारंपरिक जपानी हॉटेलात) जेवणाचं आधी कळवलं तर ऐकतात का?