लिनक्स टीव्ही कार्डाला ‘अननोन’ म्हणतंय, व्हीसीआरचं चित्र दिसंना

प्रश्न (औसा, जि. लातूर):
मंडळी, चुलत्यांच्या लग्नाची १९९१ची व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायलोय. १९९३च्या भूकंपात आमचं जुनं गाव गेलं, घरातले फोटोही ढिगाऱ्यात गेले. ही कॅसेट मामांकडं सोलापूरला होती म्हणून राहिली. चालतंबोलतं गाव आता हिच्यातच आहे.

डेस्कटॉप जुना आहे, त्यावर डेबियन लिनक्स. पीसीआय स्लॉटात जुन्या बाजारातलं टीव्ही कार्ड बसवलंय. कंपनीचं नाव कुठंच नाही, मोठ्या चिपवर तेवढं ‘एसएए७१३०’ छापलंय. डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या हार्डवेअरच्या नोंदींत) बोर्ड ‘अननोन/जेनेरिक’, कार्ड=० आणि सबसिस्टिम ११३१:०००० असं येतंय. व्हीसीआर थेट टीव्हीला लावला तर चित्र स्वच्छ. तीच पिवळी पिन कार्डाला लावली की नुसता काळा पडदा. कॅसेट सारखी फिरवायला जीव होत नाही. काय करावं?

उत्तर (परभणी):
दादा, कार्ड बिघडलेलं नसावं. ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) चिपला बरोबर ओळखतोय, तिच्याभोवतीचा बोर्ड कुणाचा ते त्याला कळंना. ती ओळख कार्डावरच्या ईप्रॉम नावाच्या छोट्या मेमरी चिपमध्ये लिहिलेली असते. स्वस्त कार्डांवर ईप्रॉमच बसवत नाहीत, मग चिप बनवणाऱ्या फिलिप्सचा ११३१ आणि पुढं शून्यं एवढंच दिसतं. कंपनीनं ईप्रॉमचे चार पैसे वाचवले अशी तक्रार खुद्द ह्या ड्रायव्हरच्या कोडमध्येच लिहून ठेवलीय! बोर्ड माहीत नाही म्हणजे पिवळी पिन चिपच्या कुठल्या पायाला जोडलीय तेही माहीत नाही. म्हणून पडदा काळा.

नंबर आपण हातानं द्यायचा. व्हिडिओचे सगळे प्रोग्रॅम बंद करा. मॉडप्रोबनं (ड्रायव्हर काढायची-चढवायची कमांड) आधी आवाजाचा एसएए७१३४-अल्सा काढा, मग एसएए७१३४ काढा (७१३०लाही ड्रायव्हर हाच). मग तोच कार्ड=३ देऊन परत चढवा. ३ म्हणजे फ्लायव्हिडिओ२०००, त्यातही ७१३०च असते. त्यानंतर व्हीफोरएलटू-सीटीएल ह्या कमांडनं इनपुटची यादी काढा. पिवळ्या पिनेचं इनपुट म्हणजे कंपोझिट; कंपोझिट१वर काळं आलं तर कंपोझिट२ बघा. स्टँडर्ड पाल (आपल्याकडच्या टीव्ही-व्हीसीआरचं) ठेवा. ट्यूनरचा (चॅनेल पकडणाऱ्या भागाचा) नंबर शोधत बसू नका, व्हीसीआरला तो लागत नाही.

उत्तर (उदगीर, टीव्ही-व्हीसीआर दुरुस्ती):
भाऊ, आवाजासाठी कार्डाच्या नादी लागू नका. ७१३० चिप डिजिटल आवाज देतच नाही, तो ७१३४ देते. व्हीसीआरची ऑडिओ पिन सरळ साउंड कार्डाच्या लाइन-इनला घाला. आणि कॅसेट लावायच्या आधी तिचं झाकण उचलून उजेडात फीत बघा. कडेला पांढरी बुरशी दिसली तर प्ले करू नका. हेड चोंदतं आणि फीतही खरवडते.

विचारणाऱ्याकडून:
परभणीकर, चित्र आलं! कार्ड=३ देऊन कंपोझिट१वर काळंच होतं, कंपोझिट२ निवडलं आणि आमचा वाडाच समोर. माळवदाची घरं, दगडमातीच्या रुंद भिंती, माळवदावर बसून वरात बघणाऱ्या बाया. त्यांच्यात आजी आहे. माझी बायको आजीला आज पहिल्यांदा बघायली.

उदगीरच्या भाऊंचंही ऐकलं. फीत स्वच्छ निघाली, आवाज लाइन-इननं येतोय. ‘ऑप्शन्स एसएए७१३४ कार्ड=३’ ही ओळ मॉडप्रोब-डी फोल्डरातल्या फाइलीत टाकली, आता रीस्टार्टनंतरही कार्ड नीट ओळखतंय. एफएफएमपेग प्रोग्रॅमनं ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम असं एफएफव्ही१मध्ये (दर्जा न घालवणारा फॉरमॅट) घ्यायलोय. फाइल लई मोठी होते, पण मूळ प्रतीचा दर्जा घालवायचा नाही. वरात नाचताना हातांच्या कडांना आडव्या रेघा येतात. त्या इंटरलेसच्या (चित्र एकाआड एक ओळींनी येतं त्याच्या) आहेत, घरच्यांना द्यायच्या प्रतीतून तेवढ्या काढीन.

किल्लारी, सास्तूर भागातल्या कुणाकडं १९९३च्या आधीची कॅसेट असेल तर सांगा. कार्ड आणि व्हीसीआर घेऊन मी तुमच्या घरी येतो, कॅसेट तुमच्याकडंच राहील.