आरकॉमची जमीन बघून शेअर घेऊ नका

ऐरोलीकर
काल इथे एकाने अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सबद्दल, म्हणजे बंद पडलेल्या मोबाइल कंपनी आरकॉमबद्दल, लिहिलं, 'आरकॉम रुपया-दीड रुपयाला मिळतोय. डीलिस्ट व्हायच्या (शेअर बाजारातून काढून टाकायच्या) आत दहा हजार शेअर घेऊन टाका, कोपरखैरण्याची जमीनच केवढ्याची आहे!' वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

जमीन 132 एकर आहे, मान्य. पण 2017 सालीच कंपनीवर 45,000 कोटींच्या आसपास कर्ज होतं. 2019 पासून दिवाळखोरीची प्रक्रिया चालू आहे. कायद्याच्या कलम 53 मधली रांग बघा: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारणवाल्या बँका, मग बाकीची देणी आणि सगळ्यांत शेवटी साधा भागधारक. बँकांचंच भागत नाही, तिथे तुमच्या ताटात काय पडणार? 2021 मध्ये डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे शेअर रद्द झाले, हातात शून्य आलं. रिलायन्स कॅपिटलच्या भागधारकांनाही शून्यच मिळालं. शिवाय नोव्हेंबर 2025 मध्ये ईडीने हीच जमीन तात्पुरती जप्त केली. कुणाच्या जिवावर टिप देताय?

जुना भागधारक, ठाणे
तुमचा सूर असा आहे की ज्याच्याकडे हा शेअर तो सटोडिया. माझ्या आईने आरकॉम कधी विकत घेतलाच नाही. तिच्याकडे मूळ रिलायन्सचे होते, विभाजनात एकास एक मिळाले. जानेवारी 2008 मध्ये भाव आठशेच्या वर होता. तेव्हा नौपाड्यातल्या आमच्या दलालाने 'हजार बघाल' म्हणून विकू दिले नाहीत. ती गेली, शेअर राहिले.

आणि रांग सांगता, तर हेही सांगा: कंपनी स्वखुशीने बाजारातून बाहेर पडते तेव्हा भागधारकाला भाव द्यावा लागतो. दिवाळखोरीच्या वाटेने गेली की सेबीचे, म्हणजे बाजाराच्या नियामकाचे, ते नियम लागत नाहीत. व्होडाफोन-आयडियाची थकबाकी सरकारने शेअरमध्ये बदलून घेतली, 2023 मध्ये 16,133 कोटी, 2025 मध्ये 36,950 कोटी. तिथले भागधारक वाचले. आमच्यावरच सूड का?

ऐरोलीकर
सूड कसला? 2017 च्या शेवटी मोबाइल सेवाच बंद केली, एअरसेलबरोबरचं विलीनीकरण फिसकटलं. टॉवरची कंपनी तर जिओच्या गटाकडे गेलीसुद्धा. ग्राहकच नाहीत, सरकार वाचवणार काय?

कोपरखैरणे, सेक्टर 19
तुम्ही दोघं शेअरवर भांडताय. माझी खानावळ होती. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका ऑफिसात रोज नव्वद डबे जायचे, मधल्या कंत्राटदारामार्फत. ऑफिस बंद पडलं, कंत्राटदार फोन उचलेना. साडेतीन महिन्यांचं बिल बुडालं. किराणावाल्याचे पैसे मी मंगळसूत्र गहाण ठेवून दिले. आमचा नंबर तुमच्या रांगेत कुठे आहे, ते सांगा आधी.

ऐरोलीकर
कागदावर तुम्ही भागधारकाच्या पुढे आहात, ताई. पण बँकांच्या बऱ्याच मागे. आणि तुमचा व्यवहार कंत्राटदाराशी, म्हणजे दावाही त्याच्यावरच.

कोपरखैरणे, सेक्टर 19
कागदावर! एरिक्सन या परदेशी कंपनीचे आरकॉमकडे साडेपाचशे कोटी अडकले तेव्हा ते सुप्रीम कोर्टात गेले. फेब्रुवारी 2019 मध्ये कोर्ट अनिल अंबानींना म्हणालं, चार आठवड्यांत भरा नाहीतर तुरुंग. थोरल्या भावाने, मुकेश अंबानींनी, मदत केली, पैसे मिळाले. नव्वद डब्यांसाठी मी कुठलं कोर्ट गाठू? वकिलाची पहिली फीच माझ्या महिन्याच्या कमाईएवढी.

वाशी, जुनं बँक खातं
ताई, कंत्राटदाराशी लेखी करार होता का? मी बँकेत तीस वर्षं काढली. कागद नसेल तर कुणीच काही करू शकत नाही.

कोपरखैरणे, सेक्टर 19
डब्याचा करार कोण करतं हो? हिशेबाची वही आहे, त्यावर त्याच्या माणसाच्या सह्या आहेत. तीस वर्षं बँकेत होतात ना? मग हजारो कोटी देताना तुमच्या लोकांनी काय बघितलं? मला पन्नास हजारांच्या कर्जाला दोन जामीन मागितले होते.

वाशी, जुनं बँक खातं
सगळ्या बँकवाल्यांना एका मापाने मोजू नका. मी मोठी कर्जं दिली नाहीत. पण जामिनाचं म्हणालात ते खरं आहे. मीही मागायचो.

जुना भागधारक, ठाणे
ताईंपुढे माझं दुखणं लहान आहे, एवढं कबूल करतो. तरी ऐरोलीकरांची भाषा मला पटलेली नाही. एक विचारतो. आईचे शेअर आता माझ्या नावावर आहेत. विकून टाकू?

ऐरोलीकर
भाषा कडक झाली, ती त्या टिपवाल्यासाठी होती. सौदा होतोय तोवर विका. विकलेत तर तोटा दाखवता येतो, आठ वर्षं पुढेही नेता येतो. शेअर रद्द झाल्यावर तोच तोटा मान्य करून घ्यायला आयकरवाल्यांशी वाद घालावा लागेल. आणि ताई, ती वही फेकू नका, मला दाखवा. मी शनिवारी कोपरखैरण्यात असतो.

कोपरखैरणे, सेक्टर 19
वही आहे. या.