मदत हवी आहे: थंडीत दाढीचा फेस गरम कसा ठेवायचा?

राम राम मंडळी. धुळ्यात पारा 10 अंशांच्या खाली उतरला की सकाळची दाढी नकोशी होते. सेफ्टी रेझर, साबणाची वडी, ब्रश असा जुना थाट आहे माझा. केसांच्या दिशेने पहिला हात झकास होतो. पण आडव्या हातासाठी ब्रश पुन्हा गालाला लावला की फेस गारठलेला!

फेस म्हणजे बरीचशी हवाच, त्यात ऊब टिकणार किती? त्यात माझी वाटी पातळ स्टीलची, ती उष्णता लगेच सोडते. बंबातल्या कढत पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवली तर फेस गरम राहतो, पण ती तरंगते, कलंडते, आणि पाणी जास्तच कढत असलं तर कडेचा फेस विरून जातो. दोन कप्प्यांचा चिनी मातीचा मग मिळतो म्हणे, आत गरम पाणी, वर फेस. ‘स्कटल’ म्हणतात त्याला. किमती पाहून मात्र दाढीच वाढवावी असं वाटलं.

जाड चिनी मातीचं भांडं किंवा दगडी खल आधी गरम पाण्याने तापवून कुणी वापरलाय का? ऊब दोन-तीन हात पुरते का? ब्रश माझा सिंथेटिक आहे. बॅजरच्या केसांचा ब्रश गरम पाणी जास्त धरतो, पण एवढ्यासाठी तो घ्यावा का? आमचं बोअरचं पाणी जड, फेस तसाही लवकर बसतो, त्यावरही उपाय असेल तर सांगा.

आणि हो, ट्यूबमधलं क्रीम घ्या असं कृपया सुचवू नका, ते घरात रोज ऐकतोच.