पुन्हा पाहिलेला ब्योमकेश

मंडळी, दिबाकर बॅनर्जींचा 'डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्शी' हा सिनेमा एप्रिल २०१५ मध्ये आला आणि आपल्याकडं कधी उतरला ते कळलंही नाही. मला वाटतं, सगळ्यांच्या डोक्यात दूरदर्शनच्या मालिकेतला ब्योमकेश, रजित कपूर बसलेला होता, मग धोतर नेसून पळापळी करणारा सुशांतसिंह राजपूत कसा पटावा? ज्यांनी परत पाहिला त्यांनी लिहा. रहस्य फुटलं तरी चालेल.

परभणी
पहिल्यांदा अर्ध्यातून उठलो होतो. जपानी हल्ल्याची भीती, अफू, चिनी टोळ्या, १९४३ चं कलकत्ता, एवढा पसारा एका दमात झेपत नाही. परत बघायलो तेव्हा धागे जुळले. शेवटचा रक्तपात मात्र अजूनही लईच वाटतो.

लातूर
आमच्याकडं ट्यूशनच्या पोरांची मेस आहे. भाकऱ्या उरकल्यावर पोरांनी लॅपटॉपवर लावला, मीही टेकले. शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या मूळ 'सत्यान्वेषी' कथेत ब्योमकेशचा पुढं मित्र होणारा अजित मेसमध्ये राहतो आणि ब्योमकेश खोटं नाव सांगून तिथं येतो. सिनेमात अजितचे वडील बेपत्ता आहेत, त्यांच्या शोधात ब्योमकेश मेस गाठतो. मेस चालवणारे डॉक्टर अनुकूलबाबू दोन्हीकडं आहेत, आणि नीरज कबीनं काय काम केलंय! मऊ बोलणं, सगळ्यांची विचारपूस. पोरांना तो देवमाणूस वाटला. मला पहिल्यापासून खटकला. अहो, मेसवाल्याला सगळं कळतं: कोण उपाशी झोपलं, कुणाच्या घरून पैसे आले नाहीत, कोण रात्री उशिरा आलं. याच्याच मेसमधला माणूस गायब होतो आणि याला पत्ता नाही? पोरं म्हणली, "काकू, तुम्हाला आधीच कसं कळलं?" म्हणलं, ताटं उचला आधी.

अंबाजोगाई
काकू, मानलं तुम्हाला! आमच्या घरी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची पारायणं व्हायची. त्यांचा नायक झुंजार कधी चुकल्याचं आठवत नाही. हा ब्योमकेश पठ्ठ्या ठामपणे एकावर बोट ठेवतो, आणि तोच माणूस विषानं मरतो. तोंडघशी पडलेला डिटेक्टिव्ह मला त्या वेळी कच्चा वाटला होता, आता तोच आवडतो.

नांदेड
१९४३ च्या ट्रामवर रॉक संगीत! वडील म्हणाले, "हे काय लावलंस?" मी आवाज वाढवला.

परभणी
काकू, मग गुन्हेगार निघालेला डॉक्टर शेवटी जिवंत सुटतो ते तुम्हाला पटलं का?

लातूर
न पटायला काय झालं? दुसऱ्या भागाची सोय होती ती. तो काही आला नाही.