मॅटप्लॉटलिबमधल्या ‘ॲक्सेस’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी मॅटप्लॉटलिबची, म्हणजे पायथनमध्ये आलेख काढायच्या लायब्ररीची, सुरुवातीची टिपणं काढतेय. ॲक्सेसला ‘अक्ष’ लिहिलं तर मग ॲक्सिसला काय लिहू? आणि लेजंडला डिक्शनरीत ‘आख्यायिका’ मिळतंय, ते तर चालणारच नाही.

प्रतिसाद: ॲक्सेसला अक्ष अजिबात लिहू नका, कारण इंग्रजीत ते ॲक्सिसचं अनेकवचन असलं तरी या लायब्ररीत ती एकच वस्तू आहे, म्हणजे आलेख जिथे उमटतो तो अख्खा भाग, रेषा, शीर्षक, सूची सगळं धरून, आणि दोन ॲक्सिस त्याच्या पोटात असतात, थ्रीडी असेल तर तीन. फिगर म्हणजे कोरा कागद. सबप्लॉट्स या फंक्शनला दोन बाय दोन सांगितलं की त्या एकाच कागदावर चार ॲक्सेस येतात. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी लायब्ररी कळली असं समजा. मी फिगरला ‘पान’, ॲक्सेसला ‘आलेखचौकट’ आणि ॲक्सिसला आपला शाळेतला ‘अक्ष’ म्हणेन. पण मूळ शब्दही शेजारी देवनागरीत द्याच, एरर येते तेव्हा त्यात तोच असतो.

लेजंडला ‘सूची’. भूगोलात नकाशाच्या कोपऱ्यात असते तीच, मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरा प्रतिसाद: सूचीला माझंही मत. शाळेच्या पुस्तकातले शब्द खरंच वापरा, फार नेमके आहेत ते. बार म्हणजे स्तंभालेख, हिस्टोग्राम म्हणजे आयतालेख, आणि मुलं नेमकी इथेच गोंधळतात. बारला स्तंभांची उंची आपण तयार द्यायची, हिस्टला नुसते कच्चे आकडे द्यायचे, वर्ग पाडून वारंवारता तो स्वतः मोजतो, काही सांगितलं नाही तर 10 वर्ग. म्हणून बिन्सला ‘वर्ग’ लिहा, ‘डबे’ वगैरे नको.

प्रश्नकर्ती: आलेखचौकट आवडला, घेते. पण अक्षांची नावं मराठीत दिली तर नुसते चौकोन दिसतायत?

दुसरा प्रतिसाद: डिफॉल्टच्या डेजाव्हू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही म्हणून. नोटो सान्स देवनागरी लावा, चौकोन जातील, पण जोडाक्षरं फुटतायत का आणि ‘किंमत’मधली पहिली वेलांटी क-च्या आधी न येता नंतर येतेय का ते बघा. तसं झालं तर पीजीएफ बॅकएंड, म्हणजे आलेख लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीकडून काढून घ्यायची सोय, घेऊन झीलाटेक या तिच्या युनिकोड चालणाऱ्या प्रकारातून काढा, अक्षरं नीट जुळतात.