पीडीएचचा (लायसन्स टिकवायला लागणाऱ्या शिक्षणाच्या तासांचा) हिशोब दोन राज्यांत कसा बसवता?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. माझं पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्स टेक्सास आणि न्यूयॉर्क दोन्हीकडचं आहे, टेक्सासला वर्षाला १५ पीडीएच लागतात त्यातला १ एथिक्सचा, न्यूयॉर्कला ३ वर्षांत ३६ तास, तर एकच कोर्स दोन्हीकडे दाखवणारं कुणी आहे का इथे? दुसरं म्हणजे परवा फाईल काढून बसलो तर एका सेमिनारच्या सर्टिफिकेटवर नाव आहे, तारीख आहे, पण तास कुठेच लिहिलेले नाहीत, ऑडिट आलं तर पहिलं तेच विचारतील. संस्थेकडून नंतर पत्र मागवलं तर चालतं का? आणि नुसते तास भरायचे नाहीयेत मला, स्ट्रक्चरलमधलं खरंच शिकायला मिळेल असं काही असेल तर प्लीज सुचवा.